आधी धक्का, मग मी

न्हाई विहीणबाई, शांत करायची न्हाई — त्यो गुरुजींनी लिहून दिलेला कागूद ठेवा तुमच्या पिशवीत, आनि चा घ्या आदी, गार हुतोय. साखर कमी हाय का? — तुमी औंधाकडची मानसं ग्वाड पितासा, मला ठावं हाय, म्हनून चमचाभर जास्तीच घातलीया. घ्या. एवढ्या लांबनं दोन गाड्या बदलून नात बघायला आलासा, तुमचा मान मला हाय, त्यात बोल न्हाई. पन तुमी आता जे म्हनलासा ना — पोरगी आजीवर गेली — ते काय नाकाडोळ्याचं म्हनला न्हाई तुमी. मला कळतं. नाक तर तुमच्या दिग्विजयचं हाय, रस्त्यानं जानारा बी सांगंल. तुमी म्हनलासा ते दुसरंच. आमच्या पल्लवीला पोरगी झाली त्याच दुपारी धक्का बसला, दवाखान्याच्या खिडक्या वाजल्या, सलाईनची बाटली हालली, आनि कुनीतरी तुमाला फोन लावून सांगितलं की हिची आजी बी अशीच, भूकंपात जलमलेली. कुनी सांगितलं ते इचारत न्हाई मी. ह्या खोऱ्यात सांगनाऱ्यांचा दुष्काळ न्हाई. आनि आता तुमी म्हनताय, एक तर बारशाआदी शांत करा, न्हाईतर पोरगी वरीसभर हितंच राहू द्या, आमच्या घरावर नगं. व्हय, तसंच म्हनला तुमी. शब्द मऊ व्हतं, पन म्हनला तसंच.

माझं नाव अंजना. शाळेच्या दाखल्यावर अंजना, आधारकार्डावर अंजना, लग्नाच्या पत्रिकेत बी अंजनाच छापलं व्हतं. पन तुमी येताना फाट्यावर उतरून अंजनाचं घर इचारलं आसतं ना, तर रात झाली आसती तुमाला. हादरी म्हना — हादरीचं घर — शेंबडं पोर बी हात धरून आनून सोडंल. साठीला आले मी, तरी हादरी. सदुसष्ट सालचा भूकंप तुमी ऐकला आसंल, तुमी बी तवा लहान आसशीला. सारं खोरं आडवं झालं, मानसं गेली, जनावरं गेली, आनि त्याच पहाटं मी जलमले. झालं. बाई आली आनि भूकंप घेऊन आली. पांढऱ्या पायाची. कुनाच्या घराचा पाया भरायचा आसला की माझ्या दारावरनं नारळ घेऊन जातील, पन मला हाळी देनार न्हाईत. हळदीला बोलावनं येतं, पन मी पुढं झाले की बाया म्हनत्यात, अंजनाताई, तुमी वाईच भाकरीकडं बघा की. मी बघते. भाकरीला काय हुत न्हाई माझ्या हातानं, भाकऱ्या फुगत्यात चांगल्या. नव्या भिंतीला चीर गेली तर गवंड्याकडं कुनी बघत न्हाई, माझ्याकडं बघत्यात. गवंड्याचं बरं झालं, सिमिट खाऊन बी मोकळा.

म्हनून म्हनते, शांत न्हाई. आवं, शांत केली म्हंजी कबूल केलं. कायतरी व्हतं म्हनूनच केली ना शांत, आसं म्हनतील. उद्या तुमच्या औंधात एखादी म्हस आटली, कुनाची गाडी घसरली, की बोट पोरीकडं. यमाईच्या पायावर घाला तिला, सव्वा महिन्यानं घेऊन जावा, मी बी येते पायऱ्या चढून, त्यात माझी आडकाठी न्हाई. देवीला दावायचं ते ल्येक म्हनून दावायचं, गुन्हेगार म्हनून न्हाई.

तुमी बसलाय त्यो दगुड कशाचा हाय, सांगा बरं. काळा हाय, एवढंच न्हाई — कशाचा? ज्वालामुखीचा हाय. हसू नगा. ह्यो जोत्याचा दगुड, हिरीतला कातळ, ही समूरची डोंगरं, सगळं एका काळी तापल्या काकवीवानी जमिनीतनं वर आलं आनि पसरलं. एकदा न्हाई, कितीक येळंला, थरावर थर. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचं दिसत्यात ना — त्यो एकेक थर एकेका येळंचा. तुमचा औंधाचा डोंगर बी त्यातलाच, यमाई बसलीया ती बी त्याच्यावरच. साडेसा कोटी वर्सं झाली. आता कवाचा इझला त्यो, आता काय न्हाई. पन मला सांगा, एवढी आग झाली, तवा कुनाची पोर जलमली व्हती? मानूसच नव्हतं, विहीणबाई. नावं ठेवायला कुनी नव्हतं, आनि ठेवून घ्यायला बी कुनी नव्हतं. तरी आग झालीच. आनि ते जपान — तितं वर ज्वालामुखी बी हायत आनि खाली धक्कं बी, रोजचं दोन-चार. तितं मग सगळ्याच बायांचं पाय पांढरं म्हनायचं का? शांत करून करून तांदूळ सरलं आसतं त्यांचं.

ह्ये मला कुनी शिकवलं? सांगते. हितनं वर, टेकावर, धक्कं मापायचं केंद्र व्हतं. दोन खोल्या आनि एक पत्र्याची शेड. तितं मी एकोनीस वर्सं झाडायला व्हते. झाडायचं, पानी भरायचं, चा करायचा. आतल्या खोलीत एक गोल डबा फिरायचा, डब्याला कागूद गुंडाळलेला, त्यावर एक सुई रेघ वडत बसायची — सरळ, सरळ, दिसभर सरळ. आनि धक्का आला की ती सुई पिसाळल्यावानी. तितलं सायेब विश्वजीत, सांगलीकडचं, शांत मानूस. सुरवातीला माझ्याशी बोलायचं न्हाईत. एक दिस दुसऱ्या सायबाला सांगत व्हतं, आपली प्लेट सरकती, वरसाला एवढी एवढी सरकती. मी चा घेऊन उभी. मी ट्रेमधल्या बशाच बघाय लागले — म्हनलं, कवा सरकली, मी तर नीट धरलाय ट्रे. सायेब एवढं हसलं. आनि मग खाली बसून, खडूनं फरशीवर काढून दावलं मला. अंजनाबाई, म्हनलं, सगळी पृथ्वी म्हंजी शिवार समजा.

शिवार कसं आसतं? सलग नसतं, तुकडं आसत्यात, तुकड्याला बांध आसत्यात. तसं जमिनीचं वरचं कवच बी तुकड्यातुकड्याचं. ह्या तुकड्यांस्नी प्लेट म्हनायचं. आनि प्रत्येक तुकडा सरकतोय, कुनी हिकडं, कुनी तिकडं. आता तुमीच सांगा, गावात भांडनं कुठं हुत्यात? बांधावर. वावराच्या मधोमध जाऊन कोन कुनाचं टाळकं फोडतंय? ह्यानं त्याचा बांध रेटला, त्यानं ह्याचा कोरला, की पेटलं. जमिनीचं बी तेच. बांधावर रेटारेटी, म्हनून धक्कं बांधावर. एक तुकडा दुसऱ्याच्या खाली घुसला की त्यो खाली जाऊन वितळायचं निमित्त हुतं आनि वर ज्वालामुखी, म्हनून ते बी जास्ती करून बांधालाच. आपला तुकडा उत्तरंला रेटत चाललाय, वरसाला तीन बोटं म्हना, आनि तिकडं हिमालयाच्या बांधावर धडकतोय. हिमालय म्हंजी रेटून रेटून उंच झालेला बांधच. लय भांडकुदळ आपला तुकडा, आसं सायेब म्हनायचं.

आनि आपन? मी बी तेच इचारलं. मी म्हनलं, म्हंजी आपन बांधावर हाय तर. सायबांनी नकाशा काढला, बोट ठेवलं — म्हनलं न्हाई, तिथंच तर घोळ हाय, आपन वावराच्या मधी हाय. बांध शेकड्यानं कोस लांब. मग हितं का हो हालतंय? तर म्हनलं, मधी बी जुन्या भेगा आसत्यात, वरनं दिसत न्हाईत. लांब बांधावर रेटा बसला की त्याचा ताण साऱ्या वावरात फिरतो, भेगंपातूर जातो. आनि वरनं आपलं धरान. एवढं पानी, त्याचं वजन, आनि ते मुरत मुरत भेगंत शिरतं, भेग निसरडी हुती. पावसाळ्यात पानी भरतं, मग उतरतं, आनि धक्कं बी त्या मागनं मागनं वाढत्यात-घटत्यात. ते मी कागदावर बघितलंय एकोनीस वर्सं. माझ्या जलमाच्या तारखंला वाढलेलं एकदा बी बघितलं न्हाई. मी बघायची हो, दरसाल त्या तारखंला सायबांच्या आदी जाऊन मी रेघ बघायची. सरळ. आनि आसं नगा समजू की सायेब सगळं ठावं हाय म्हनायचं. म्हनायचं, बरंच अजून कळलेलं न्हाई, शोधतोय. ते मला लय आवडलं. कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हनावं. आमच्या खोऱ्यात ज्याला कायबी कळत न्हाई त्याला माझं नाव तेवढं कळतं.

आता मूळ गोष्ट ऐका, मग काय म्हनायचं ते म्हना. सदुसष्टचा धक्का बसला पहाटं चार वाजून एकवीस मिनिटांनी. ह्ये मी न्हाई सांगत, जगातल्या सगळ्या यंत्रांनी लिहून ठेवलंय. सायबांनी त्या दिसाच्या कागदाचा फोटू दावला मला, त्यावर येळ. मी म्हनलं, चार एकवीस तर चार एकवीस, पन मी किती वाजता जलमले? ते कुनालाच ठावं न्हाई. तवा मला जिनं काढलं ती बनुबाई सुईन जिती व्हती, नव्वदीला टेकलेली, दिसत नव्हतं, पन याद घट्ट. मी गेले, पाय चेपत बसले, आनि इचारलं — मावशे, मी जलमले तवा कोंबडा आरवला व्हता का गं? ती म्हनली, कोंबडा कुठला आरवतोय, खुराडं भिंतीखाली गेलं व्हतं न्हवं. तू आलीस तवा उन्हं कडब्याच्या गंजीवर आली व्हती, मी उन्हातच पुसली तुला.

कळलं का विहीणबाई? खुराडं आदीच भिंतीखाली. उन्हं गंजीवर. डिसेंबरात ह्या खोऱ्यात उन्हं यायला सात वाजून जात्यात. म्हंजी अडीच-तीन तास. आधी धक्का, मग मी. चाळीस वर्सं साऱ्या खोऱ्यानं उलटं सांगितलं, आनि एकानं बी त्या सुईनीला इचारलं न्हाई. ती म्हनली, मला कुनी इचारलंच न्हाई, मी कशाला सांगू. आनि ऐका पुढं. आईला कळा आदल्या राती सुरू झाल्या व्हत्या. बनुबाईनं तिला अंगनात फिरवायला काढली — फिरवलं की मूल खाली सरकतं म्हनून — आनि त्या दोघी अंगनात आसताना घर बसलं. आत आजी व्हती, माझा थोरला भाऊ हरिबा व्हता, तीन वर्सांचा. दोघं बी गेली. आई आनि बनुबाई वाचली. कुनामुळं वाचली? सांगा की. माझ्यामुळं. मी पोटात वळवळ केली नसती तर आई बी आतच व्हती.

मी तशीच माहेरी गेले, वाटंत पायात चप्पल हाय का न्हाई ते बी बघितलं न्हाई. आईला म्हनलं, आई, मला कळलं, मी न्हाई आनला भूकंप, मी तर तुला भायेर काढलं. आई शेंगा फोडत बसली व्हती. मान वर न करता म्हनली — मला पयल्यापासनं ठावं हाय. तू मला भायेर काढलंस म्हनून मी भायेर व्हते. आत आसते तर हरिबाला उचलला आसता. एवढंच म्हनली. शेंगा फोडतच व्हती. तिचं बी खोटं न्हाई. माझं बी खोटं न्हाई. पन त्या दिसापासनं मी ठरवलं की आता कुनाचं ऐकून घ्यायचं न्हाई. प्लेटांस्नी ठावं नसतं कुनाच्या घरी कोन येनार हाय ते. मी भीत न्हाई आता, मला हादरी म्हननाऱ्याला मी तोंडावर इचारते, सांग बाबा, तुझ्या वावराचा बांध कुनी कोरला, मीच का? मला काय बी वाटत न्हाई आता, धक्का येवो, न्हाईतर —

थांबा. ऐकलासा? उठू नगा, बसा तिथंच —

— गेला. गेला, विहीणबाई. तो गुरगुराट आदी येतो, ट्रॅक्टर चढाला लागल्यावानी, मग भांडी. मांडनीवरची दोन-चार वाटगी वाजली, बाकी काय न्हाई. तीनच्या आतला हाय, उद्या पेपरात दोन वळी येतील. पानी प्या. पदर सावरा, घामेजलासा पाक. तुमच्याकडं नसतं ह्ये, तुमाला नवीन. आमाला काय, डास चावल्यावानी.

काय? मी? मी कुठं पळाले. आवं, धक्का आला की मोकळ्या जागंत जावं, आसंच सांगत्यात, केंद्रात पाटीच व्हती तशी. मग मी गेले चिंचंखाली. व्हय, गोठ्याच्या पल्याड, लांब हाय जरा — सवय झालीया, दुसरं काय न्हाई. पल्लवीला? पल्लवी बाळाजवळ व्हती की, ती हुशार हाय, उचलून घेतलं आसंल तिनं. न्हाई, मी आत गेले न्हाई. बाळाकडं गेले न्हाई. उलट्या अंगाला गेले. खरं हाय तुमचं, आजी मानूस नातीकडं पळतं. तुमी तर मी बसा म्हनलं तरी पाळन्याकडंच निघाला व्हतासा, मी चिंचंखालनं बघितलं.

हात गाठीचं हायत माझं, म्हनून न्हाऊमाखूला बाई लावलीया. न्हाई, तुमी इचारलं न्हाई, मीच सांगते. बोटं धरत्यात माझी.

आसं बगा. बोटं न्हाई धरत. खोटं बोलले. नऊ दिस झालं पोरगी घरात आली, मी अजून घेतली न्हाई तिला. पाचवीला सटवाईची पूजा मांडली ती बी उंबऱ्याभायेरनं हात लांबवून. धक्का आला की मी लांब जाते, आज न्हाई, पन्नास वर्सं जाते. लहान व्हते तवा चुलती मला ढकलायची — जा, लांब जा, तुझ्यासंग येतंय ते, घरापासनं लांब जा — मग ढकलायची गरज ऱ्हायली न्हाई, मीच जाते. म्हंजी जे काय माझ्या मागं येतंय ते मला मोकळ्यावर गाठंल, घर पडनार न्हाई. बांध, भेग, धरनाचं पानी, चार एकवीस, सगळं मला पाठ हाय, शाळंत जाऊन सांगते मी पोरास्नी. डोक्याला सगळं कळलंय. पाय ऐकत न्हाईत. पांढरं हायत का काळं ते जाऊ द्या, ऐकत न्हाईत एवढं खरं.

आनि तुमी म्हनला ना, पोरगी वरीसभर लांब ठेवू. एक पोरगी लांब ठेवून बघितलीया मी, विहीणबाई. पल्लवी. ती माझ्या पोटची, पन वाढली आष्ट्याला, आमच्या नणंदबाईंकडं, ते तुमाला सोयरीक जमवतानाच सांगितलं व्हतं. काय कारन सांगितलं व्हतं? क्रांतीवन्संस्नी मूल नव्हतं, म्हनून दिली. तुमी म्हनलासा, मोठं मन. मी मान हालवली. कसलं मोठं मन. दोन हजार सालची गोष्ट, गौरी-गनपतीचं दिस, पल्लवी चार दिसांची. सकाळी सकाळी मोठा धक्का बसला, पाचच्या वरचा. मी बाळंतीन, तशीच उठले आनि भायेर आले, चिंचंखाली. पोरगी आत. पोरीला आत ठेवून आले मी. मालक धावलं, त्यांनी काढली तिला, तिच्या अंगावर लिंपनाचा पोपडा पडला व्हता, कपाळाला एवढीशी खोक. अजून वन हाय बगा, कुंकवाच्या वर, केसात. तवा माझ्या मनात आलं — ही मरनार माझ्यापाय. हरिबा गेला तशी जानार. आनि धक्क्यात हिचा बी पाळना हालला, ही बी माझ्यासारखीच म्हनतील. आष्ट्याला जमीन हालत न्हाई एवढी, उसाची गार जमीन, तितं कुनाला हादरी ठावं न्हाई. म्हनून दिली. अमृत, आमचा थोरला, त्यो ठेवला, त्यो गप दिसाचा जलमला व्हता. लोकं म्हनली, पोरगा ठेवला आनि पोरगी दिली, बघा कशी आई. म्हनू दिलं मी. हादरीपरास ते नाव बरं वाटलं.

दुसऱ्या वर्सी मी केंद्रात झाडायला लागले. पगारासाठी न्हाई. मला बघायचं व्हतं, खरंच माझ्यामागं येतंय का ते. सात वर्सं लागली कळायला. बनुबाईनं खुराड्याचं सांगितलं, आईचं ऐकलं, आनि त्याच आठवड्यात मी आष्ट्याची गाडी धरली. म्हनलं, आनते माझी ल्येक, आता काय भ्या न्हाई. दारात खेळत व्हती, सागरगोटं घेऊन. मला बघितलं आनि आत पळाली सांगत — आई, मामी आली. बरूबरच व्हतं तिचं. क्रांतीवन्सं तिची आई, मग मी मामीच की. काय चूक काढनार त्यात. मी चा प्याले, वानवळा दिला, तिच्या केसाला रिबिनी बांधल्या आनि संध्याकाळच्या गाडीनं माघारी आले. सात वर्सं उशीर झाला व्हता. आजपातूर मामीच म्हनती ती. लग्नात मामा-मामी नवरीच्या मागं उभं ऱ्हात्यात ना, तशी बी उभी ऱ्हायले मी. ह्या शिमग्यात क्रांतीवन्सं गेल्या म्हनून पहिल्या बाळंतपनाला हितं आली, न्हाईतर कशाला आली आसती. तिला वाटतं, पोरगी म्हनून दिली. कवा बोलली न्हाई, पन वाटतं तिला. वाटू दिलं मी पंचवीस वर्सं. खरं सांगितलं आसतं तर तिच्या डोक्यात बी पाय शिरलं आसतं माझं.

म्हनून शांत न्हाई. कागूद फाडा त्यो, न्हाईतर मी फाडते. सव्वा महिन्यानं पोरगी तिच्या आईच्या मांडीवर बसून औंधाला येनार, आनि कुनी वाकडं बोललं तर मला फोन करायचा, मी येऊन फरशीवर खडूनं काढून दावते साऱ्या गल्लीला. पोरीला लांब करायचं एका घरात तीनदा हुनार न्हाई. माझ्या आईनं मला —

कोन हाय? पल्लवी? कवापासनं उभी हायस गं दारात? बाळंतिनीनं उंबऱ्यात उभं ऱ्हाऊ नये, कानाला बांध, वारं लागतंय. जा आत. ऐकलंस व्हय? किती ऐकलंस? — बरं. ऐकलंस तर ऐकलंस. मी खोटं सांगितलं नव्हतं, नुसतं सांगितलं न्हाई. आता तिला कशाला भायेर आनलीस, दुपटं तरी नीट — न्हाई, माझ्याकडं नगं, विहीणबाईंकडं दे, लांबनं आल्यात त्या. आगं माझी बोटं — पल्लवी, आगं पडंल, सोडू नगं एवढ्यात — थांब. थांब की. पदर तरी पसरू दे.

एवढीशीच हाय की.

बसा विहीणबाई, उठू नगा. धक्का न्हाई ह्यो. माझं हात हायत ते.

काय म्हनलीस तू आता? — न्हाई, मामी न्हाई म्हनलीस. मी ऐकलं.

विहीणबाई, तुमची साडेपाचची गाडी फाट्यावर यील आता. बाराव्याला या, पाळन्याची दोरी तुमच्या हातात. त्यो कागूद न्यावा बरूबर. जावा तुमी.